डावा पाय

लग्न ठरलं की उनझरीला जायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. साखरपुडा झाला, तारीख निघाली, की दोन्हीकडची माणसं एखाद्या रविवारी डबे बांधून तिथं जमतात आणि जावयाला तोंडाशी बसवतात. तोंड म्हणजे झऱ्याचं तोंड. टेकडीच्या पायथ्याशी दगडातून कढत पाणी निघतं. ग्रामपंचायतीने त्याला पंचवीसेक हात लांबीची सिमेंटची नाली काढून दोन्ही बाजूंना ओटे बांधले आहेत. लोक ओट्यावर बसतात आणि नालीत पाय सोडतात. शेपटाकडे पाणी कोमट असतं, तिथं म्हातारी माणसं तासन्‌तास बसून गुडघ्यांच्या गोष्टी करतात. जसजसं वर सरकावं तसतसं पाणी तापत जातं, आणि अगदी तोंडाशी पाय घातला की भल्याभल्यांना माय आठवते. तिथं जावयाला बसवायचं, साळ्यांनी, म्हणजे नवरीच्या बहिणींनी, मोठ्याने आकडे मोजायचे, आणि दोन्ही पाय बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. माझे यजमान लक्ष्मणराव सव्वीसला उठले होते. तेवीस वर्षं झाली, माझ्या बहिणी अजून त्यांना 'सव्वीस' म्हणूनच हाक मारतात.

मी साधना. लाखनीजवळच्या आमच्या गावात अकरा वर्षांपासून आशा सेविका आहे. बाळंतपणं, लसी, वजनं, आणि वर्षातून एकदा कुष्ठरोगाची घरोघर तपासणी. त्या तपासणीत माझ्याइतकी घरं कोणी करत नाही, हे मी नाही, आमच्या डॉक्टर बाई म्हणतात. बोलायला मी कमी नाही. समोरचा दार लावून घेत असला तरी मी उंबरठ्यात पाय घालून सगळं सांगूनच येते.

मेघा माझी एकुलती एक. तिचं लग्न अठरा दिवसांवर आलं होतं. मुलगा योगेंद्र, साकोलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बघायला आला त्या दिवशी चहा झाल्यावर आपला कप स्वतः उचलून मोरीत ठेवून आला, तेव्हाच मला तो आवडला. नेहमी बूट-मोजे घातलेला, नीटनेटका. आमच्या घरी ओसरीवरही मोजे काढत नसे. मी म्हणायचे, बघा, शहरात दुकान असलं की माणूस कसा राहतो. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं, आणि ते हसू काही बरं नसतं.

त्या रविवारी दोन गाड्या करून आम्ही वीसेक माणसं उनझरीला गेलो. ऊन चांगलं होतं. योगेंद्रची आई जनाबाई, म्हणजे माझी होणारी ईहीण, गाडीतून उतरल्यापासून एकच सांगत होती की तिचा पोरगा पन्नास केल्याशिवाय उठणार नाही. माझ्या दिराची मुलगी डिंपल आणि तिच्या चार मैत्रिणी तर त्यासाठीच आल्या होत्या.

योगेंद्र मात्र शेपटाकडे, म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "मामीजी, मी इथंच बरा. मले गरम पाणी सोसत नाही."

"काय बोलून राह्यला रे!" जनाबाई ओरडली. "चार लोकाईत माझं नाक कापतं काय?"

पोरींनी त्याला हाताला धरून ओढत वर नेलं. मेघा मधे आली. "डिंपल, राहू दे ना वं. नाही म्हणतेत त कायले जबरदस्ती?"

झालं. सगळ्यांना आयतं सापडलं. "आतापासूनच नवऱ्याचा कैवार!" असा हशा झाला की पलीकडच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. त्या हशात मीही होते. नुसती होते असं नाही, मीच म्हणाले, "बसू दे वं मेघा, पाणीच त हाय. जवाईबापू काय विरघळून जाऊन राह्यले काय?"

त्याने मेघाकडे एकदा बघितलं, बूट काढले, मोजे काढले, ते नीट बुटात कोंबले आणि तोंडाशी बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले.

डिंपलने मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत तो हसत होता. पंधराला दात आवळले. अठराला चेहरा लाल झाला. सत्तावीसला उजवा पाय पाण्यातून असा उडाला की समोर बसलेल्या लक्ष्मणरावांच्या शर्टावर पाणी आलं. "माझ्यापेक्षा एक जास्त!" ते म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. पण दोन्ही पाय बाहेर आल्याशिवाय मोजणं थांबत नाही, आणि त्याचा डावा पाय आतच होता.

"एक आत हाय! एक आत हाय!" पोरी नाचायला लागल्या. पस्तीस. चाळीस. जनाबाई टाळ्या वाजवत होती. पन्नासला तर तिने शेजारच्या अनोळखी बाईच्या पाठीवर थाप मारली.

मी पण टाळ्या वाजवत होते. मग माझे हात थांबले.

योगेंद्र उजवा पाय मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी चोळत होता. तळव्यावर फुंकर घालत होता. फुंकर घालता घालता लक्ष्मणरावांशी बोलत होता, सव्वीसची गोष्ट ऐकून हसत होता. ज्या पाण्याने उजव्या पायाची ही गत केली, त्याच पाण्यात त्याचा डावा पाय पडून होता. सोसत असता तर तोंडावर दिसलं असतं. तो काहीच सोसत नव्हता. त्या पायाकडे त्याचं लक्षच नव्हतं.

साठ. सत्तर. अकरा वर्षं मी लोकांना विचारत आले आहे, कुठं बधिर जागा आहे का, विस्तवाजवळ पाय गेला तर कळतं का, चप्पल पायातून निसटली तर समजतं का. उत्तर माझ्यासमोर पाण्यात बसलं होतं आणि मी नुसती त्या पायाकडे बघत होते.

हशानंतर चिडून शेपटाकडे जाऊन बसलेली मेघा अठ्ठ्याऐंशीला धावत आली. "काढा पाय! डावा काढा ना, डावा!" तिने त्याच्या पँटीला धरून पाय बाहेर ओढला. घोट्यापर्यंत लालभडक झाला होता, आणि बाहेरच्या कडेला फोड फुगायला लागला होता. योगेंद्रने खाली बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. लोकांना वाटलं, आता दुखायला लागलं असेल.

"अठ्ठ्याऐंशी!" जनाबाई म्हणाली. "सांगा आता, कोणाच्या जवायानं केले हायेत?"

डबे उघडायची गडबड सुरू झाली. लक्ष्मणराव म्हणाले, "अवं, तू जवाईबापूच्या पायाले काही लाव ना. पिशवी आणली ना तुनं?" पिशवी माझ्याकडे असतेच. आशाची पिशवी लग्नाला पण सोबत जाते.

मोहाच्या झाडाखाली बाक होता. योगेंद्रला तिथं बसवलं. मेघा बाटलीतून त्याच्या पायावर थंड पाणी ओतत राहिली. मी पिशवीतून पट्टी काढली, मलम काढलं आणि दोन्ही हातांत मोजे चढवले. मग म्हणाले, "डोळे मिटा जी. थोडं झोंबन." हे मी खोटं बोलले. मी पिशवीतलं बॉलपेन काढलं.

आधी उजवा तळवा. टोक टेकवल्याबरोबर त्याने पाय मागे घेतला. मग डावा. टाचेला टेकवलं. करंगळीखाली टेकवलं. फोडापासून दूर, पावलावर टेकवलं, जरा दाबूनच. तो डोळे मिटून शांत बसला होता.

"सुरू करा ना मामीजी," तो म्हणाला.

पेन अजून त्याच्या पावलावरच होतं.

घोट्याच्या वर रुपयाएवढा फिकट डाग होता. कोणीही तो ऊन लागल्याचा समजला असता. मी नाही समजू शकत.

त्याने डोळे उघडले. पेन बघितलं. मग माझ्याकडे. ओरडला नाही, पाय ओढून घेतला नाही. आवाज खाली करून म्हणाला, "मले माहीत हाय मामीजी. नऊ महिने झाले गोळ्या सुरू होऊन. भंडाऱ्यावरून आणतो. तीन पाकिटं राह्यली. चट्टे गेले, हा एक राह्यला. पण पावलातलं गेलेलं काही वापस येत नाही म्हनते डॉक्टर. गरम पाण्यात पाय घालाचाच नाही, असं बजावून सांगतलं होतं. पण एवढ्या लोकाईसमोर काय कारण सांगू?"

एरवी ज्याने गोळ्या चुकवल्या त्याला मी झाडते. याने एकही चुकवली नव्हती. एरवी ज्याने लपवून रोग वाढवला त्याला मी रागावते. हा स्वतःहून दवाखान्यात गेला होता. मी चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती, त्यामुळे राग आणखीच चढत होता.

"तुमच्या मायले माहीत हाय?"

"मायले सांगतलं असतं त साकोलीच्या बसस्टँडवर भोंगा लागला असता." तो हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही.

मी पट्टी बांधली. कशी बांधली मला आठवत नाही. मग लक्षात आलं की या सगळ्या बोलण्यात मेघाच्या हातातली पाण्याची धार एकदाही हलली नव्हती. ती दचकली नव्हती. तिने "कसल्या गोळ्या?" असंही विचारलं नव्हतं.

मी उठले आणि तिला दंडाला धरून बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीमागे नेलं. तिथं एक नळ आहे आणि माणसं नसतात.

"तुले माहीत होतं."

"हाव. पाह्याले आले ना, त्याच्यानंतर आठ दिवसांनी त्यायनंच फोनवर सांगतलं. नाही म्हन, मी मानून घेईन, असं बी म्हनले."

"अन्‌ तू मले नाही सांगतलं? सगळ्या गावाले मी हे समजावत फिरतो अन्‌ माझी पोरगी माझ्यापासून लपवते? मी का तुझी दुश्मन हाओ?"

माझा आवाज चढला होता. मला खरंच वाटत होतं की दुखावली गेलेली मी आहे. फसवलं गेलं मला. मेघा माझ्यासमोर मान खाली घालून उभी होती, आणि मला वाटलं आता ही रडेल, माफी मागेल, मग मी ठरवेन काय करायचं ते. मी मनात ठरवायलाही लागले होते, हे आता लपवत नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, तरी काहीतरी कारण काढता आलं असतं. देण्याघेण्यावरून बिनसलं म्हणावं, मुलीची तब्येत म्हणावं. कोणाला काही कळलं नसतं. पाच मिनिटांत माझ्या डोक्यात तीन कारणं तयार होती.

मेघाने मान वर केली. ती रडत नव्हती.

"आई, तू धुरपतामावशीच्या घरी जातं ना."

धुरपताबाई आमच्याच गावातली. चार वर्षांपूर्वी तिचा रोग मीच शोधून काढला, गोळ्या मीच पूर्ण करून घेतल्या. दोन बोटं वाकडी राहिली, बाकी ती खडखडीत बरी आहे. माझं नाव घेतल्याशिवाय तिचा दिवस जात नाही.

"जातो. मंग?"

"मी बारावीत होतो तवा तुझ्यासोबत यायचो रजिस्टर लिहाले. ती दरवेळी चहा देते. तू कप हातात घेतं, गोष्टी सांगतं, अन्‌ उठता उठता तिच्या तुळशीत टाकून देतं. ती आत गेली का टाकतं. मले म्हनाची, तुले पोटात बरं नाही, तू नको पिऊ."

मी नळाची तोटी घट्ट पिळली. ती बंदच होती.

"एकदा नाही आई. दरवेळी. मंग तुले कसं सांगू मी?"

मला कोणी भर बाजारात मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मला वाटायचं, हे कोणाला दिसत नाही. खरं तर मलाही दिसत नव्हतं. मी ते करत होते आणि करून विसरत होते. मोठ्या आवाजात सांगत होते की हात लागल्याने काही होत नाही, एका ताटात जेवलं तरी काही होत नाही, गोळ्या सुरू झाल्या की तो माणूस तुमच्याआमच्यासारखा. ते सगळं मला पटतं. डॉक्टर बाईंनी विचारलं तर झोपेतसुद्धा बरोबर सांगेन. पण धुरपताबाईचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. चार वर्षांत मी कधी स्वतःला विचारलं नाही की का उतरत नाही.

"मी एकच विचारतो," मेघा म्हणाली. "लोकाईले तू जे सांगतं ते खरं हाय का खोटं? खोटं असन त आत्ताच सांग. मी जाऊन त्यायले नाही म्हनून येतो. तुले कारणं शोधाची गरज नाही, माझ्या मनाले नाही पटलं म्हनून सांगीन. पण खरं असन त त्या पायाले असा हात लावू नको, जसा आत्ता लावला."

मी माझ्या हातांकडे बघितलं. रबरी मोजे अजून हातातच होते.

जखम बांधताना मोजे घालायचेच असतात. नियम आहे. मी तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या पोराचा खरचटलेला गुडघा मी उघड्या हाताने पुसला होता, आणि परवा लक्ष्मणरावांचा कापलेला अंगठा तर तोंडात धरला होता. नियम मला आज आठवला होता. मेघाला ते माहीत होतं.

"खरं हाय," मी म्हणाले. "मी सांगतो ते सगळं खरं हाय."

"मंग चाल. पट्टी ढिली झाली त्यायची."

योगेंद्र बाकावर तसाच बसला होता. आम्ही काय बोललो असू हे त्याला कळलं होतं. त्याने बूट जवळ ओढून ठेवले होते, उठून जायला सांगितलं तर लगेच जाता यावं म्हणून. ते बघून मला त्याची फार दया आली. सत्तावीस वर्षांचा मुलगा, आपल्याच लग्नाच्या सहलीत पळून जायच्या तयारीने बसलेला.

मी खाली बसले. मोजे काढून पिशवीत टाकले. त्याची टाच डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या हाताने पट्टी सोडायला लागले. कातडी गरम होती, बाकी पायासारखा पाय होता. त्या पावलाला माझा हात लागला काय, मोजा लागला काय, दगड लागला काय, काहीच कळणार नव्हतं. पण तो बघत होता. डोळ्याची पापणी न लवू देता माझ्या बोटांकडे बघत होता, आणि मी गाठ मारेपर्यंत त्याने श्वास धरून ठेवला होता.

"घट्ट झाली का जी?" मी विचारलं, आणि विचारल्यावर जीभ चावली.

"बराबर हाय मामीजी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

जनाबाई ताट घेऊन आली. "काय झालं जी ईहीणबाई? लय भाजलं काय?"

योगेंद्रने माझ्याकडे बघितलं. मेघानेही.

"फोड हाय," मी म्हणाले. "दहा दिवस पाण्यात पाय नाही घालाचा. लग्नात बी गरम पाण्यानं पाय नाही धुवाचे. मी सांगतो तसंच कराचं." सांगायचं की नाही ते त्याचं. ते मी दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत पाळते, याच्याही बाबतीत पाळलं. लग्नात, हा शब्द मी उच्चारला तेव्हा मेघाने पदराने तोंड पुसलं.

मग सगळे जेवले. डिंपलने अठ्ठ्याऐंशीचा व्हिडिओ तीन वेळा दाखवला. लक्ष्मणराव जावयाच्या पाठीवर थोपटत होते. निघायची वेळ झाली, गाड्या सुरू झाल्या, तेव्हा मी "आलेच" म्हणून खोलीमागच्या नळावर गेले.

जखमेला हात लावला की हात धुवायचे असतात. साबणाने, एकदा, नीट. मी एकदा धुतले. बोटांच्या मधे, नखांखाली. मग पुन्हा साबण घेतला. मनात म्हणत होते, वेडी आहेस का, नऊ महिने गोळ्या झाल्या आहेत, त्याच्यापासून माशीलासुद्धा काही होणार नाही. म्हणत होते आणि घासत होते. तिसऱ्यांदा साबण हातात होता तेव्हा मागे पावलं वाजली.

मेघा उभी होती. किती वेळची, कोण जाणे.

"झाले का हात धुऊन?" तिने विचारलं.

मी नळ बंद केला. हातांना साबण तसाच होता.